चौथा रकाना

कांजूरमार्गच्या आमच्या चाळीतला कुठला आवाज आठवायचा म्हटलं, तर मला आधी टाकी आठवते. पटांगणाच्या कोपऱ्यात सिमेंटची मोठी टाकी होती. सकाळी नळाला पाणी आलं की ती भरायची आणि मग दिवसभर बुडाच्या तड्यातून गळत राहायची. त्या तड्याखाली कुणीतरी पत्र्याचा डबा ठेवला होता. रिकाम्या डब्यात थेंब पडला की टण् वाजायचं, आणि डबा भरत आला की तोच थेंब टुप् असा पडायचा. डबा भरला की जवळ असेल ती बाई तो आपल्या तुळशीत ओतायची आणि परत जागेवर ठेवायची. मामाच्या खोलीच्या उंबऱ्याशी बसून मी तीन वर्षं अभ्यास केला, तो या आवाजाच्या सोबतीनं. पुस्तकातून मान वर न काढता मला सांगता यायचं, डबा किती भरलाय ते.

कणकवलीला आमच्या घरात शाळेच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. बारावीला मला बरे गुण मिळाले तेव्हा मामा गावी आला होता. निकालाचा कागद त्यानं उलटसुलट करून पाहिला आणि बाबांना म्हणाला, हिला मी मुंबईला नेतो. एवढंच. त्याची स्वतःची दोन मुलं होती आणि एकच खोली होती. पण मुलुंडच्या कॉलेजात माझं नाव घालायला तो स्वतः आला, इस्त्रीचा शर्ट घालून, आणि ऑफिसच्या खिडकीतल्या बाईंना उगाचच दोनदा नमस्कार केला. तो गिरणीत होता. संपात गिरणी गेली, आणि मग तो एका कारखान्यात रात्रपाळीचा वॉचमन झाला. दिवसा तो खोलीत साडीच्या पडद्यामागे झोपायचा. मामी त्या वेळात सगळा स्वयंपाक आवाज न करता करायची. पळी भांड्याच्या कडेला लागू द्यायची नाही, कुळथाची पिठी हलक्या हातानं ढवळायची, भाकरी थापायला बाहेर पडवीत बसायची. सुका बांगडा भाजायचा झाला तर मात्र तिचं काही चालायचं नाही. वासानं मामा जागा व्हायचा आणि पडद्यामागूनच विचारायचा, "झालं काय गं?" संप संपल्यानंतरच्या त्या दिवसांत घरात काय कमी होतं याची यादी मी करत नाही. मला कधी कमी पडू दिलं नाही, हे मात्र लिहून ठेवलं पाहिजे, कारण पुढे जे झालं त्यात या गोष्टीचा मोठा भाग आहे.

चाळीची कमिटी होती. महिन्यातून एका रविवारी सकाळी पटांगणात सतरंजी अंथरून सभा भरायची. अध्यक्ष अण्णा सावंत. उंच, दणकट आवाजाचा माणूस, मनानं वाईट नव्हे. मामा चिटणीस होता, पण लिहिण्याचा त्याला कंटाळा. त्यामुळे मी आल्यावर सभेची वही आपोआप माझ्याकडे आली. चाळीतल्या सतरंजीवर बसणारी पहिली मुलगी मी. बाकी बायका दारात उभ्या राहून ऐकायच्या.

कॉलेजात आम्हाला तर्कशास्त्र शिकवणाऱ्या बाई होत्या. त्या एकदा म्हणाल्या की आपण एखादी गोष्ट का मानतो, हे समोरच्याला तपासता येईल अशा शब्दांत सांगता आलं पाहिजे; राजाला कारण द्यावं लागत नाही, पण एकमेकांवर राज्य करणाऱ्या माणसांना द्यावं लागतं. मी ते वाक्य घरी येईपर्यंत मनात घोळवत होते. त्याच आठवड्यात मी सभेच्या वहीची पानं नव्यानं आखली. आधी तीन रकाने असायचे: तारीख, विषय, निर्णय. मी लाल पेनानं चौथा आखला आणि वर लिहिलं: कारण.

आधी सगळ्यांना गंमत वाटली. अण्णा म्हणाले, "दत्ता, भाची तुझी सरकारी ऑफिस काढणार बघ इथं." पण पहिल्याच सभेत रकान्यानं आपलं काम केलं. परबकाकांच्या घरच्यांना पटांगणात बाजेवर पापड वाळवायचे होते. अण्णा म्हणाले, नाही म्हणजे नाही. मी पेन धरून विचारलं, कारण काय लिहू? अण्णांनी तोंड उघडलं, मिटलं, थोडा वेळ टाकीकडे पाहिलं आणि हसायला लागले. म्हणाले, "लिहू नको काही. वाळव म्हणावं." सगळे हसले. मला त्या दिवशी जेवण गोड लागलं.

परबकाका सभेत नेहमी मागे, टाकीजवळ बसत. तेही गिरणीतले, आता साकीनाक्याला एका वर्कशॉपमध्ये. त्यांची मुलगी सुमन माझ्या वयाची, आणि चाळीत माझी एकटीच मैत्रीण. सभा संपली की ते माझ्याकडून वही मागून घ्यायचे, चौथा रकाना बोट लावून वाचायचे. एकदा म्हणाले, "बाये, गिरणीत माका कोणी कधी कारण सांगूक नाय. हय उभो रव म्हटल्यानी, रवलंय. घराक जा म्हटल्यानी, गेलंय. ह्यो तुजो रकानो बरो आसा."

त्यांच्याबद्दल चाळीत एक गोष्ट सगळ्यांना माहीत होती आणि कुणी बोलत नव्हतं. संप चालू असताना, तो मोडायच्या आधी, परब गिरणीत कामावर गेले होते. कुणीतरी त्यांना गेटातून आत जाताना पाहिलं होतं. तोंडावर त्यांना कुणी काही म्हटलं नाही. फक्त नळावर काकूंची घागर आली की दोन बायकांना एकदम घरचं काम आठवायचं. हळदीकुंकवाला त्यांचं दार तेवढं विसरलं जायचं. मी गावाहून आलेली, मला हे कळायला वर्ष लागलं. कळलं तेव्हाही मी त्यावर फार विचार केला नाही. मोठ्यांच्या गोष्टी आहेत, असं मला वाटलं.

सुमनचं लग्न ठरलं. मुलगा कांदिवलीचा. आमच्या चाळीत मुलीचं लग्न पटांगणातच व्हायचं, मांडव घालून. मांडवासाठी कमिटीची परवानगी हा नुसता रिवाज होता. अर्ज यायचा, अण्णा म्हणायचे, घाल बाबा, आणि पहिला खांब चाळीतली माणसं मिळून उभा करायची. परबकाकांनी अर्ज दिला. मी तो त्यांना लिहून दिला होता.

शनिवारी दुपारी अण्णा आमच्याकडे आले. मामा नुकताच उठला होता. मामी पडवीत घावणे घालत होती. अण्णा म्हणाले, परबचा अर्ज आलाय, द्यायचा नाही असं सगळ्यांचं मत आहे. मामानं चहाचा कप उचलला. मग अण्णा माझ्याकडे वळले. "तुझा तो रकाना आहे ना, त्यात काहीतरी नीटसं लिही. भांडण नको उगाच."

मी विचारलं, "पण कारण काय?"

"तेच तुला विचारतोय. शिकलीस ना तू?"

आज मी हे वाक्य पुन्हा पुन्हा ऐकते. तेव्हा मला राग यायला हवा होता. मला अभिमान वाटला, हे खरं आहे. मामा चहाचा कप धरून माझ्याकडे पाहत होता, आणि आपल्या भाचीला अण्णांनी काही विचारलं याचा आनंद त्याच्या तोंडावर दिसत होता. मी परीक्षेत बसल्यासारखी विचार करायला लागले. पाच मिनिटं पुरली. मी लिहिलं: पटांगणातील टाकीस तडा गेलेला असून गळतीमुळे जमीन भुसभुशीत झाली आहे. मांडवाचे खांब रोवल्यास टाकीस धोका संभवतो. सबब परवानगी देता येत नाही.

अण्णांनी दोनदा वाचलं. "झकास. दत्ता, ही पोरगी वकील होणार." त्यात खोटं एकही अक्षर नव्हतं. तडा होता, गळती होती, जमीन ओली होती. फक्त ते कारण नव्हतं. मामी रोज पहिला घावणा मला वाढायची. त्या दुपारी तिनं तो अण्णांना दिला, दुसरा मामाला दिला, आणि माझ्या ताटात पडला तो शेवटचा, मोडलेला.

रविवारी सभेत ते वाचलं गेलं, आणि सोमवारी सुमन मला नळावर भेटली. मी घागर भरण्यात गुंतल्याचं दाखवलं. ती म्हणाली, "टाकीचं तू लिहिलंस ना?"

मी हो म्हटलं.

"छान लिहिलंयस गं. मला वाटलं होतं, बाबा चिडतील. पण त्यांना पटलं. म्हणतात, बरोबरच आहे, खांब रोवताना टाकी फुटली तर अख्ख्या चाळीचे हाल."

ती टोमणा मारत नव्हती. तिचा चेहरा मी नीट पाहिला, आणि तिथं काहीच सापडलं नाही. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं.

त्याच्या पुढच्या रविवारी परबकाकांनी सगळ्या दारांत जाऊन सांगितलं की आज पाणी जास्त भरून ठेवा, टाकी उपसणार आहे. एकट्यानं त्यांनी टाकी रिकामी केली. छिन्नीनं तडा खोल केला, तारेच्या ब्रशनं शेवाळ खरवडलं, सिमेंट कालवून थापीनं दाबून भरलं आणि तड्यावर बाहेरून गोणपाटं लावली. पुढचा सगळा आठवडा ते साकीनाक्याला जाण्याआधी आणि आल्यावर तिथली गोणपाटं ओली करत होते. चाळ बघत होती. दारात उभी राहून, गॅलरीतून वाकून. कुणी मदतीला गेलं नाही आणि कुणी अडवलंही नाही. मामीनं माझ्या हाती चहा देऊन मला पाठवलं. परबकाका टाकीच्या आत उभे होते, फक्त डोकं आणि खांदे वर दिसत होते, केसांवर सिमेंट. त्यांनी कप घेतला आणि विचारलं, "आता कारण उरला नाय मां?"

मी मान हलवली. हो की नाही, ते मलाच ठाऊक नाही.

कारण उरलं होतं. पुढच्या सभेत अण्णा म्हणाले, टाकीचं काम चांगलं झालं, परबांचे आभार. लिही सुलू, आभार. आणि मग म्हणाले की मांडव ज्या आठवड्यात घालायचा आहे त्याच आठवड्यात मुलांच्या परीक्षा आहेत, बँड वाजणार, मुलांनी अभ्यास कसा करायचा? माझी स्वतःची परीक्षा त्याच दिवसांत होती, म्हणून हे कारण मला जवळजवळ खरं वाटलं. मी ते लिहिलं. परबकाकांनी वही मागून घेतली, बोट लावून वाचलं, मान हलवली. मग ते दोनदा कांदिवलीला गेले. मुलाकडच्यांपुढे हात जोडून त्यांनी मुहूर्त पुढे ढकलून घेतला, परीक्षांनंतरचा.

मला आता झोप लागेना झाली होती. दुपारी उंबऱ्याशी बसले की अभ्यास व्हायचा नाही, कारण तो थेंबच वाजत नव्हता. डबा अजून तिथंच होता, कोरडा, तळाशी गंजाचा लाल गोल. शेवटी एका दुपारी मी मामीला हळू आवाजात म्हटलं की हे बरोबर नाही. संपाचंच कारण आहे ना, तर तेच लिहा. परबकाकांना जे सांगायचं ते सांगू दे. मग नाही म्हणायचं तर म्हणा. मामी कोकमं निवडत होती. तिनं पडद्याकडे पाहिलं. मामाचा श्वास एकसारखा येत होता.

"तुजो मामा पण गेल्लो," ती म्हणाली. "एकदा. गिरणीच्या वहीत सही करून इलो, मग दुसऱ्या दिवशी जावक नाय. अण्णाचो भाव तर गावाक जातंय सांगून महिनाभर गिरणीत गेलो. ह्यां कारण भायर काढलस तर एकेका घरातसून एकेक भायर येतला." आणि मग, माझ्याकडे न बघता, "तू शिकतंस ता ह्याच घरात रवान."

ती धमकी नव्हती. मामी तसं बोलणारी बाई नव्हे. तिनं फक्त मी कुठं बसले आहे ते मला दाखवलं. पडद्यामागे तो माणूस झोपला होता, ज्यानं कॉलेजच्या खिडकीत माझ्यासाठी दोनदा नमस्कार केला होता. मी कोकमाची एक बी उचलून उगाच बोटांत फिरवत राहिले.

परीक्षा संपल्यावरची सभा मला अशी आठवते की सतरंजीवर कोण कुठं बसलं होतं ते मी आजही सांगू शकेन. परबकाका त्या दिवशी मागे बसले नाहीत. पुढे आले. म्हणाले, टाकी झाली, परीक्षा झाल्या, आता परवानगी द्या. अण्णांनी घसा साफ केला. म्हणाले, असं बघ परब, एकाला दिली की उद्या दुसरा मागतो, पायंडा पडतो. तेव्हा मागे कुणीतरी हलकं हसलं, कारण त्याच वर्षी पटांगणात दोन लग्नं झाली होती.

परबकाका हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. अण्णांकडे नव्हे.

"लिव गो बाये. खरा कारण लिव. मी गेल्लंय. संपात, अठरा दिस. कित्याक गेल्लंय ता आजपर्यंत कोणी इचारूक नाय. आज इचारा. सगळ्यांसमोर सांगतंय. आयका, आणि मग नाय म्हणा. मी परत अर्ज करूचंय नाय."

  मी मामाकडे पाहिलं. तो सतरंजीचा एक सुटलेला धागा ओढत होता, अगदी मन लावून. त्यानं वर पाहिलं असतं तर मी काय केलं असतं? हा प्रश्न मी पुढे नागरिकशास्त्र शिकवताना वर्गात कित्येकदा स्वतःला विचारला, मुलं खाली माना घालून उत्तरं लिहीत असताना. 

अण्णा शांतपणे म्हणाले, "परब, तो विषयच नाहीये आज. विषय मांडवाचा आहे." आणि मला म्हणाले, "लिही सुलू. पायंडा पडू नये म्हणून."

मी लिहिलं.

परबकाका उभे राहून वाट पाहत होते. माझं लिहून झाल्यावर त्यांनी हात पुढे केला. मी वही दिली. त्यांनी नेहमीसारखं बोट लावून वाचलं, या वेळी जरा जास्त वेळ, आणि वही परत देताना म्हणाले, "अक्षर तुजा खूप चांगला आसा."

सुमनचं लग्न कांदिवलीला मुलाकडच्यांच्या बिल्डिंगच्या गच्चीवर झालं. परबकाकांनी चाळीतल्या प्रत्येक दारात अक्षता ठेवल्या, एकही दार वगळलं नाही. लग्नाच्या दिवशी सकाळी टेम्पो आला, त्यात रुखवत, भांडी आणि चारपाच पाहुणे चढले. सुमन पुढे बसली होती. तिनं आमच्या दाराकडे पाहिलं की नाही ते मला सांगता येणार नाही, कारण मी आत होते. मामी एकटी गेली, ओटीचा नारळ घेऊन. संध्याकाळी परत आल्यावर तिनं लग्नातला एक लाडू माझ्यासमोर ठेवला आणि जेवण कसं होतं, मुलगी कशी दिसत होती, यातलं काही सांगितलं नाही. मामानं विचारलंही नाही. परबकाका अठरा दिवस का गेले होते, ते मला आजही माहीत नाही. विचारायला नंतर बरीच वर्षं होती. मी विचारलं नाही.

आता मी मुलुंडला राहते, आणि आमच्या सोसायटीच्या सभांना जाते. तिथली सगळी माणसं शिकलेली आहेत. कुणाला घर भाड्यानं द्यायचं नाही, कुणाच्या मोलकरणीनं लिफ्ट वापरायची नाही, प्रत्येक गोष्टीला तिथं कारण असतं, आणि ते उत्तम भाषेत मांडलेलं असतं. मी ऐकते तेव्हा माझ्या बोटांना पेन धरल्यासारखं वाटतं. अशी कारणं कशी तयार होतात, मला चांगलं ठाऊक आहे. ती खोटी असतात असंही नाही. कुठंतरी खरोखरच एक तडा असतो.

सुमनच्या लग्नानंतरच्या सभेसाठी मी पान आखलं तेव्हा तीनच रकाने आखले. ठरवून केलं की हातूनच झालं, सांगता येत नाही. सभा झाली, निर्णय झाले, कुणाच्या लक्षात काही आलं नाही. अण्णांनी पानाखाली सही केली आणि ते जेवायला गेले. मी सतरंजी गुंडाळत होते. तेवढ्यात परबकाका टाकीजवळून उठून आले आणि त्यांनी वही मागितली. मला वाटलं होतं, ते आता कधी मागणार नाहीत. त्यांनी बोट तारखेवर ठेवलं, विषयावर आणलं, निर्णयावर आणलं, आणि पुढे कोऱ्या कागदावर ते थांबलं.

"चौथो खंय गेलो?"

मी सतरंजी गुंडाळत राहिले. 

"कित्याक काढलंस?" त्यांनी पुन्हा विचारलं. रागानं नव्हे. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.  मग त्यांनी वही माझ्यापुढे सतरंजीच्या वळकटीवर ठेवली आणि म्हणाले, "आखून ठेव. आज नाय तर फुडे कोणतरी खरा लिवीत."

मी पट्टी आणली, लाल पेन आणलं. ते उभे होते. मी वळकटीवरच वही ठेवून पानाच्या तळापर्यंत रेघ ओढली. रेघ वाकडी आली. परबकाकांनी ती पाहिली, मान हलवली, आणि घराकडे जाता जाता ते टाकीपाशी वाकले. तिच्या बुडाला, जिथं तडा होता तिथं, त्यांनी हात लावला आणि तळवा वळवून पाहिला. कोरडा होता.